मनगटाची दोरी

ज्या वर्षी विहिरी तळाला जातात, त्या वर्षी दोरवाल्यांची चूल बरी पेटते. पाणी खाली गेलं की दोर लांब लागतो. आधी पुरुषभर, मग आणखी पुरुषभर. त्या उन्हाळ्यात व्यापारी निरोप न पाठवता स्वतःच पट्टीवर आला, वाखाच्या, म्हणजे घायपाताच्या तंतूंच्या, ढिगाकडे बघत उभा राहिला आणि होतील तेवढे जाड दोर मला द्या म्हणाला. "लोकांच्या घशाला कोरड पडली की आपल्या ताटात पडतं," असं आई म्हणायची, आणि म्हणून झाल्यावर आपलीच जीभ चावायची.

पट्टी म्हणजे घरामागची लांबलचक अरुंद जागा. एका टोकाला पत्र्याच्या सावलीत चाक, दुसऱ्या टोकाला खुंट. मधली जमीन पिढ्यान्‌पिढ्या उलटं चालून दगडासारखी झालेली. चाकावर एकानं बसायचं. दुसऱ्यानं कमरेला वाखाचं ओझं गुंडाळून, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवून, बोटांनी तंतू सोडत मागं मागं जायचं. चाक फिरतं तसा तंतूंना पीळ बसून दोराचा एक पदर होतो. चाकवाल्यानं घाई केली तर पदराला गाठी पडतात, आळस केला तर तो विसविशीत राहतो. म्हणून दोर वळणाऱ्यांत भांडणं फार. नवराबायको एका पट्टीवर काम करतात आणि एका ताटात जेवत नाहीत, अशी त्यांच्यात जुनी थट्टा आहे.

आईचं आणि पेळूचं मात्र कधी भांडण झालं नाही.

पेळू हा तिचा धाकटा. जन्मला तेव्हा अंगात ताठपणाच नव्हता. कापसाच्या पेळूसारखा हातावर लोळायचा, म्हणून ते नाव. डोळे तिरपे, मान आखूड, जीभ तोंडात न मावणारी. तळहातावर दोनाऐवजी एकच रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब. थोरली बहीण तेव्हा शाळेत जायची. तिला आठवतं, काका दारात उभा राहून म्हणाला होता, "दोर तुटला तर गाठ मारता येते, वहिनी. मुळातच फसला तर काय करायचं?"

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला खाली बसवून समजावलं होतं. थोरली तिचा पदर धरून शेजारीच होती. माणसाच्या शरीरात कणाकणात धाग्यांच्या जोड्या असतात. याच्या एका जोडीत दोनाच्या जागी तीन आलेत. हा आजार नाही, औषधानं जाणारा नाही. सगळं शिकेल, उशिरा शिकेल. काळजाकडे, कानांकडे, गळ्यातल्या गाठीकडे लक्ष ठेवावं लागेल.

"म्हणजे पीळ घालताना एक पदर जास्तीचा पडला," आई म्हणाली.

"असंच म्हणा."

"माझ्या हातून?"

"कुणाच्याच हातून नाही, बाई. आपोआप होतं हे."

बाकीचं सगळं आईला पटलं. हे शेवटचं पटलं नाही. तिच्या धंद्यात पदर आपोआप पडत नसतो. कुणाचा तरी हात चुकलेला असतो. ती हे पुन्हा कधी बोलली नाही, पण पुढं सगळा जन्म ती चुकलेली वीण उसवायला बसल्यासारखी त्या पोराच्या मागं बसली. इतर पोरं धावायला लागली तेव्हा कुठे हा बसायला शिकला. चमचा धरायला दोन उन्हाळे गेले. छाती सारखी भरायची, रात्रंदिवस श्वास वाजायचा. आई त्याला पाठीशी बांधून वाख झोडायची. पायाच्या अंगठ्याजवळच्या फटीत तिनं त्याला पदर धरायला शिकवलं. "दोर धरायला देवानंच खाच पाडून दिलीय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

दवाखान्यात एक शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी एकदा आईला बजावलं होतं, "नुसतं 'कर' शिकवू नका. थांबायचं कधी, ते त्याचं त्याला कळू द्या. 'नको' म्हणायला शिकवा."

घरी आल्यावर आई हे आठवून पोट धरून हसली होती. "या घरात कोण कुणाला 'नको' म्हणालंय आजवर? मी म्हणाले? तुझा बाप म्हणाला?"

बाप लवकर गेला. थोरलीचं लग्न झालं, ती शहरात गेली, कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावू लागली. चाकावर बसायला माणूस उरला नाही, तेव्हा आईनं पेळूला बसवलं. आई लांब गेली की तिची हाक त्याला नीट ऐकू यायची नाही, हातवारे कळायचे नाहीत. मग तिनं एक युक्ती काढली. बारीक दोरीचं एक टोक त्याच्या मनगटाला बांधलं, उरलेली दोरी गुंडा करून आपल्या कमरेला. ती मागं जाई तशी दोरी सुटत जाई. ओढ दिली की फिरवायचं. कधी हळू, कधी भरभर, सगळं त्या दोरीतून त्याला कळायचं. तोंडानं एक अक्षर न काढता दोघं दिवसभर काम करायची. लोक बघायला यायचे. आईचा ऊर भरून यायचा. "मी सांगितल्याशिवाय थांबत नाही माझं लेकरू," ती म्हणायची.

त्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मागं मागं जात आई खुंटाशी पोचली आणि तिथंच बसली. मग आडवी झाली.

पुढचं थोरलीला काकूनं सांगितलं. काकू वाख विंचरत होती. तिला वाटलं, जाऊबाई दम खातायत. चाक चालूच होतं. पदरानं पीळ घेतला, आणखी घेतला, मग तो स्वतःच्याच अंगावर उलटून वेटोळी घालायला लागला, सापासारखा. तेव्हा काकू ओरडली, थांब रे. पेळूनं तिच्याकडे बघितलं नाही. मनगटाकडे बघितलं. दोरी सैल पडली होती. तो फिरवत राहिला. काकानं येऊन त्याला बगलेत धरून पाटावरून उचलला तेव्हा चाक थांबलं. आई तोवर गेली होती.

थोरली पोचली ती आईला उचलायच्या वेळेला. अंगणात माणसं जमलेली. पेळू कुठं दिसेना. घरामागून चाकाचा कुंईकुंई आवाज येत होता.

"त्याला बसवलंय तिकडे," काका म्हणाला. "इथं आणला तर गोंधळ घालेल. त्याला काय कळतंय, थोरले?"

माणसं निघाली, ओढ्याकडच्या उतारापर्यंत तो आवाज मागून येत राहिला. रिकामं चाक भरल्या चाकापेक्षा जास्त वाजतं.

संध्याकाळी तिनं त्याला घास भरवले. तिशी ओलांडलेला माणूस, पण बुटका, कानशिलावर केस पांढरे झालेले. त्यानं आईच्या जागेकडे बोट केलं.

"दवाखान्यात गेलीय आई," काकू चुलीपासून म्हणाली. "येईल."

"हो," पेळू म्हणाला.

थोरलीचा हात ताटातच राहिला. दुसऱ्या दिवशी सांगू, असं तिनं मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस आला. झालं ते वाईट झालं, पण विहिरी कुणासाठी थांबत नाहीत, असं म्हणाला. काकानं डोकं खाजवलं. आईच्या जागी तो उभा राहील, पण चाकावर कोण? त्याचा भाड्याचा माणूस आदल्याच आठवड्यात काम सोडून गेला होता. थोरली बसली. लहानपणी शेकडो वेळा बसलेली, पण बटणं लावून हात नाजूक झाले होते, आणि काकाच्या चालीशी तिचं चाक जुळेना. दोनदा पदर तुटला. तिसऱ्यांदा काकानं कमरेचा वाख जमिनीवर आपटला. तेवढ्यात पेळू आला. बहिणीच्या खांद्याला ढोपरानं ढकलून तिला उठवलं, पाटावर बसला, आणि दोरीचं मनगट पुढं करून वाट बघू लागला.

काकानं गुंडा उचलला. कमरेला खोचला. चार पावलं मागं जाऊन जराशी ओढ दिली.

चाक फिरलं.

"अरेच्चा," काका म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं हे जवळून कधी बघितलंच नव्हतं. आईच्या आणि त्याच्या कामाच्या वेळा वेगळ्या असत. तिनं चाक सोडलं की तो आपला भाड्याचा माणूस बसवायचा आणि त्याच्या नावानं दिवसभर बोटं मोडायचा. आता तो उलटा चालत गेला आणि चेहरा उजळत गेला. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "बिनबोभाट काम करतोय बघ. तोंड नाही, तंबाखू नाही, लघवीला जातो म्हणून तासभर गायब नाही." स्वतःच हसला. काकूनं त्या दिवशी पेळूला दुसऱ्यांदा भाजी वाढली. आई असताना तिनं त्याचं ताट कधी बघितलं नव्हतं.

दिवस कामाचे सुरू झाले. पहाटे घायपाताची पानं झोडायची. पाट्यावर घासून गर काढायचा, त्याची खाज कोपरापर्यंत चढते. मग धुणं, वाळवणं, खिळ्यांच्या फळीवर विंचरणं. पाणी कमी, म्हणून तेच पाणी परत परत. थोरलीच्या नखांभोवतीची कातडी सोलली. ती आणि काकू वाख तयार करायच्या, काका चालायचा, पेळू फिरवायचा. खुंटाशी पोचून पदर पुरा झाला की काका गुंडा तिथंच टाकून सावलीला जायचा, कुणाशी तरी बोलत बसायचा. पेळू फिरवतच राहायचा. थोरली हातातलं टाकून धावायची.

"थांब, पेळू."

"हो," तो म्हणायचा, आणि फिरवायचा.

तिला त्याची बोटं एकेक करून मुठीवरून सोडवावी लागायची. एका दुपारी बोटं सोडवताना तिच्या हाताला ओलं लागलं. त्याच्या आखूड बोटांच्या पेरांवरची कातडी फुटून खाली लोंबत होती. तळहातावरची ती एकच रेघ उकलली होती, नांगरटीसारखी. तो कण्हला नव्हता. दुखलं तर दुखलं म्हणायचं, हे त्याला येत होतं. लहानपणी गुडघा फुटला की सगळं घर डोक्यावर घ्यायचा. पण चाकावर बसलं की जणू तो हात त्याचा नसायचा.

तिनं तेल लावून चिंध्या गुंडाळल्या. काका म्हणाला, "चाकवाल्याला घट्टे पडायचेच. माझे बघ." आणि आपला तळहात दाखवला. त्याच्या घट्ट्यांत रक्त नव्हतं.

तिच्या आणखी काही लक्षात यायला लागलं. पेळूचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. आवाज बसला होता. भर उन्हात हात गार. जेवताना घास तोंडात धरून बसायचा. तिनं काकूला त्याच्या सकाळच्या गोळीबद्दल विचारलं. गळ्यातली गाठ मंद चालते म्हणून आई रोज उपाशीपोटी त्याला एक गोळी द्यायची. ती चुकली की पोराचं अख्खं अंग मंदावतं, हे थोरलीला माहीत होतं.

"कसली गोळी?" काकू म्हणाली.

डबी आईच्या अंथरुणाखाली सापडली. आई गेल्यापासून एकही गोळी हलली नव्हती. थोरलीनं त्याच सकाळी ठरवलं, याला इथं ठेवायचा नाही.

नवऱ्याशी फोनवर बोलली. दोन खोल्या, सासूचा दमा. तो म्हणाला, "आण. पण बघू मग पुढं काय ते." त्याच्या 'आण'पेक्षा त्याचं 'बघू'च तिला जास्त ऐकू आलं. तरी आण म्हणाला हे खरं.

काकाला सांगितलं तेव्हा व्यापारी दोर न्यायला आलेला, शेजारचा लोहार चाकाचा आस बसवत होता, आणखी दोघंतिघं सावलीला टेकलेले. काकानं ते ऐकून घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "का गं? चुलता मेला का? आईबापाविना पोर आहे, घरचं माणूस घरातच राहील. मी काय त्याला रस्त्यावर टाकणार आहे?"

माणसांनी माना डोलावल्या. व्यापारी म्हणाला, असा चुलता मिळायला नशीब लागतं. लोहारानं आसावर हातोडा मारला.

थोरलीला आठवत होतं. याच चुलत्यानं आईला सांगितलं होतं, कुठं तरी सोडून ये. याच चुलत्यानं पाहुणे आले की पेळूला मागच्या खोलीत घालून कडी लावली होती. खायला काळ नि भुईला भार, हे शब्द याच तोंडून ऐकत ती मोठी झाली होती. पण हे आता कुणापुढं बोलायचं? चारचौघांत चांगलं बोलणाऱ्याला खोटं पाडणं फार अवघड असतं.

"त्याचे हात बघा," ती एवढंच म्हणाली.

"त्यालाच विचारू की," व्यापारी म्हणाला. त्याला गंमत वाटत होती. "काय रे, कुणाकडे राहायचं?"

पेळू पाटावर बसून होता. काकानं पुढं होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्याजवळ राहणार ना?"

"हो."

काकानं सगळ्यांकडे बघितलं. थोरली गुडघ्यावर बसली. त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. "पेळू, माझ्याबरोबर येणार? माझ्या घरी?"

"हो."

सावलीत बसलेले हसले. वाईट हेतूनं नाही, हसण्यासारखंच होतं. व्यापाऱ्याला आणखी हुरूप आला. "मग माझ्याकडे येतोस? गाडीत बसून?"

"हो," पेळू म्हणाला, आणि सगळे हसतायत म्हणून तोही हसला, जीभ बाहेर काढून.

थोरली उठली. साडीवरची माती झटकली. दवाखान्यातल्या त्या शिकवणाऱ्या बाईंचं बोलणं तिच्या कानात वाजत होतं, आणि त्यावरचं आईचं हसणं. कुणी त्याला विचारावं आणि त्यानं निवडावं, अशी वेळ आईनं त्याच्या जन्मात येऊच दिली नव्हती. मायेनं येऊ दिली नव्हती. मायेचाच पीळ तो. जळला तरी सुटायचा नाही.

दुसऱ्या दिवशी काका गावात गेलेला बघून ती पेळूला ओढ्यापलीकडे घेऊन गेली. वाट उतरणीची, त्याला उतार जमत नाही; तिचा दंड धरून, एकेक पाय जोडत तो आला. तिथली जमीन अजून काळी होती. तिनं सांगितलं. हळू, सोप्या शब्दांत, जसं आई सांगायची तसं. आई मेली. दवाखान्यात नाही. इथं आणली होती. आता ती परत येणार नाही.

पेळूनं जमिनीकडे बघितलं. पायाचा अंगठा मातीत खुपसला.

"कळलं का रे?"

"हो."

परत आल्यावर तो सरळ चाकाकडे गेला, बसला, आणि मनगट पुढं केलं. थोरली भिंतीला टेकून उभी राहिली. रडायचं तिनं तोवर टाळलं होतं, तेव्हाही टाळलं. तिची रजा संपत आली होती, कारखान्यातून निरोप आला होता.

शेवटचा मोठा दोर राहिला होता. त्या सकाळी वारा नव्हता, ऊन पत्र्यावर तडतडत होतं. काका पदर सोडत खुंटाशी पोचला, टोक खुंटाला बांधलं, गुंडा खाली टाकला आणि रस्त्यावर व्यापाऱ्याची गाडी आली म्हणून तिकडे गेला. चाक चालूच. थोरली उठायला लागली तशी काकू वाख विंचरत म्हणाली, "कशाला प्रत्येक वेळी बोटं सोडवत बसतेस? तुझी आई शेवटाला दोन ओढी द्यायची. एक नि लगेच दुसरी. मग उठायचा तो."

थोरली उभी राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज समोर बसून बघायची की मी."

"मग सांगितलं का नाही?"

काकूनं खिळ्यात अडकलेला वाख ओढला. तिला प्रश्नच कळला नव्हता. "थांबेना का," ती म्हणाली. "आपलं कामच होतंय की."

थोरली पट्टीवरून चालत गेली. आईच्या पावलांनी घट्ट झालेल्या जमिनीवरून, पण सरळ, पुढं तोंड करून. डाव्या हाताला पदर ताणून थरथरत होता, आणखी पीळ घेत होता. मातीत ती बारीक दोरी पडलेली, घामानं काळी झालेली. खुंटाशी आई जिथं बसली होती तिथं ती उभी राहिली. त्या दुपारी आईचा हात दोरीकडे गेला असेल, पोचला नसेल. ते चाक तेव्हापासून कुणी थांबवलंच नव्हतं. काकानं नुसतं पोराला उचललं होतं.

तिनं गुंडा उचलला. दोरीतली ढील हळूहळू गोळा केली. पार त्या टोकाला, सावलीत, त्याचं मनगट जड झालेलं तिला हातात कळलं.

तिनं ओढ दिली. लगेच दुसरी.

चाक थांबलं.

एवढ्या लांबून त्याचं तोंड दिसत नव्हतं. तो मान पुढं काढून खुंटाकडे बघत होता, त्याला लांबचं धूसर दिसतं. मग उठला. मूठ सोडली. पट्टीवरून चालत आला, मधून, पदराला लागून, कधी येऊ नये तसा. जवळ येऊन त्यानं थोरलीला बघितलं. मग तिच्या मागं बघितलं. खुंटामागं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग जमिनीकडे बघितलं, आणि तिथंच बसला, आई बसली होती तसा, आणि त्याच्या गळ्यातून आवाज यायला लागला. रडण्यासारखा नव्हता. तेल नसलेल्या आसासारखा, खालून वर, खालून वर. थोरली त्याच्या शेजारी बसली. त्याला हात लावायची तिला भीती वाटली, मग तिनं लावला.

आवाज ऐकून काका धावत आला. व्यापाऱ्याची गाडी उभी होती, दोर अर्धा होता. त्यानं आधी समजावलं, मग पेळूला काखेत धरून चाकावर नेऊन बसवलं. गुंडा घेऊन ओढ दिली. चाक फिरलं नाही. जोरात दिली. मनगट पुढं आलं नि मागं गेलं, नुसतं. पेळू मांडीवर हात ठेवून बसून होता, नाक गळत होतं. काकानं एक मुस्काटात दिली. मान हलली, हात हलले नाहीत. खुंटाचं टोक कुणीतरी सोडलं होतं की या गडबडीत सुटलं होतं, कोण जाणे. बिनधरलेला पदर मातीत स्वतःभोवती गरगर फिरून सगळा पीळ ओकत होता.

"नाही का फिरवत?" काका म्हणाला. "नाही?" त्याला धाप लागली होती. मग त्यानं व्यापाऱ्याकडे बघितलं, पडलेल्या पदराकडे बघितलं, आणि आवाज एकदम खाली आणून थोरलीला म्हणाला, "घेऊन जा. आजच्या आज घेऊन जा हे. माझ्या दारात बसून खाणारं तोंड नको मला."

'घरचं माणूस' ऐकून माना डोलावणारे परवाचे दोघं आजही सावलीला होते. व्यापाऱ्यानं घड्याळात बघितलं. आवाज ऐकून आलेल्या लोहारानं तेवढं पेळूचं नाक आपल्या फडक्यानं पुसलं.

थोरलीनं त्याचे दोन सदरे, गोळ्यांची डबी आणि आईचं एक लुगडं पिशवीत घातलं. तिला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तोंडात कडू चव होती. दोन खोल्या, दमा, कारखान्याची पाळी. ती कामावर गेली की हा कुणाजवळ बसणार, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

रस्त्यावर गाडीची वाट बघत माणसं उभी होती. पेळूच्या मनगटावर दोरी तशीच होती, उरलेली त्याच्या पायात लोळत होती. कुणी तरी बाई दुसरीला म्हणाली, बघ गं, जनावरासारखं बांधलंय त्याला. थोरलीचे कान तापले. ती खाली वाकली आणि गाठ सोडायला लागली. आईची गाठ, वर्षानुवर्षांची, घामानं कातडीसारखी कडक झालेली. नख लागेना.

पेळूनं हात मागं ओढला.

"सोडते रे. आता नाही लागणार ती."

तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले, जीभ आडवी आली, त्यानं ती आत घेतली. शब्द शोधायला त्याला वेळ लागला. तो त्यानं कधी वापरलाच नव्हता.

"नको," पेळू म्हणाला.

त्या बायका बघत होत्या. थोरलीनं गाठीवरून हात काढला. पायात लोळणारी दोरी गोळा केली, गुंडाळली, आणि आणखी काही न सुचून तो गुंडा आपल्या कमरेला खोचला. मागून कुणी तरी हसलं.

गाडी येऊन थांबली. माणसं चढायला लागली. थोरलीचे पाय हलेनात. ती मागं वळून घराकडे बघत होती. पट्टी इथून दिसत नव्हती, पण चाकाचा पत्रा दिसत होता, उन्हात पांढरा.

पेळूनं दोरीला ओढ दिली. एकच.

थोरली चालू लागली.